निवांत बीच हवाय? मग स्पीकर चार्ज करून ठेवा

दिवाळीनंतर अंदमानला जाऊन आलो. कान अजून वाजतायत. नाशिकला इंदिरानगरात परतलो तर शेजारचे काका जिन्यातच भेटले. म्हणाले, "काय मग, निवांत झाली ना ट्रिप?" वयाचा मान ठेवून त्यांना काही बोललो नाही. पण तुम्हाला सोडत नाही. तुम्हालाही पुढच्या सुट्टीत तिथला 'एकदम शांत, कोणी म्हणजे कोणी नसलेला' बीच हवाच असणार. तर घ्या लिहून.

तारीख आधी ठरवा. भाऊबीज उरकली की त्याच आठवड्यात निघा. अख्ख्या महाराष्ट्राच्या शाळांना तेव्हाच सुट्टी असते, त्यामुळे बाकी कोणी घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नाही.

मग सगळ्यांचा असतो तोच कार्यक्रम घ्या. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक आणि संध्याकाळी राधानगर, तिसऱ्या दिवशी पहाटे कालापत्थर, मग एलिफंट बीच, चौथ्या दिवशी नील. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप, पण ते कुणाच्या गावी नाही. आमच्या बोटीत ज्याच्या त्याच्या हातात हाच कागद होता. मी बायकोला म्हटलं, "बघ, मेंढरं कशी निघालीत." ती म्हणाली, "आणि आपला कागद कुठाय?" असो.

जेलमध्ये फार रेंगाळू नका. आपल्या भगूरचा माणूस ज्या कोठडीत डांबला होता, तिच्या दाराशी मी जेमतेम अर्धा मिनिट उभा राहिलो असेन. मागून आवाज आला, "काका, जरा सरका ना, रील काढायचीय." सरकलो.

राधानगरला चार वाजताच जा, आधी नाही. अंदमान आपल्यापासून कितीतरी पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे नोव्हेंबरात पाचच्या आसपास सूर्य बुडतो. साहजिकच हॅवलॉकवरची प्रत्येक गाडी चारला तिथे टेकते. २००४ साली 'टाइम' मासिकाने हा आशियातला सर्वोत्तम बीच ठरवला होता, तेव्हा तिथे शुकशुकाटच असणार, नाही का? वाळू चांगली दोन किलोमीटर आहे. पण आपण सगळे गेटासमोरच्या दोनशे पावलांत उभे, रविवारी हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर असतो तसे, पुढच्याच्या पाठीला नाक लावून. सकाळी नऊला तिथे हाताच्या बोटावर मोजण्याइतकी माणसं असतात. तेव्हा चुकूनही जाऊ नका. तेव्हा हॉटेलात नाश्ता असतो, आणि तो पॅकेजमध्ये धरलेला असतो.

मगरीची पाटी दिसली तर तिच्या शेजारी फोटो काढा आणि पाण्यात उतरा. २०१० साली राधानगरजवळच मगरीने एका परदेशी पर्यटक बाईचा जीव घेतला होता, पण ती बाहेरची. आपल्याला काय होतंय!

ठेपले आणि लोणचं विसरू नका.

आता नील. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी तिथल्या किनाऱ्यांची नावं. पंचवटीत वाढलेल्या माणसाला वाटतं आलो घरी. सीतापूर पूर्वेच्या टोकाला, सूर्योदयाचा बीच. आम्ही पावणेपाचला रिक्षा काढली. पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि खरंच कोणी नव्हतं. खाली वाकून बघितलं तर इवल्याशा खेकड्यांनी वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती रांगोळी घातलेली. एक खेकडा गोळी करायचा, मागे टाकायचा, दुसरी करायचा. आम्ही दोघं उकिडवे बसून ते बघत होतो. बायको चक्क काही बोलत नव्हती. पाच मिनिटं. मोजून पाच मिनिटं.

आणि मग नाशिक ढोल.

थट्टा नाही. नीलच्या टोकाला, सूर्य वर यायच्या आत, हंड्याएवढ्या स्पीकरवर नाशिक ढोल. बारा-चौदा जण, पुढे टोपी घातलेले एक दादा. आमचं मराठी ऐकून धावत आले. "तुम्ही पण नाशिकचे? आम्ही सिडकोचे!" मी विचारलं, हा बीच कसा सापडला? तर म्हणाले, "रील होती ना, 'नीलवरचा कुणालाच माहीत नसलेला बीच'. लाखो लोकांनी बघितलीय. म्हटलं गर्दीपासून लांब, जरा शांततेत जाऊ." शांततेत! हा शब्द त्यांनी ढोलाच्या वर ओरडून सांगितला, कारण त्याशिवाय मला ऐकू येत नव्हतं. तोवर त्यांच्या पोरांनी खेकड्यांची रांगोळी तुडवली होती. वर ड्रोन भुणभुणत होतं. चिवड्याची रिकामी पाकिटं वाऱ्यावर निघाली होती. एका ताईंनी पोवळ्याचा तुकडा रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. "शोकेसमध्ये ठेवायला." म्हटलं, ताई, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे बसत नाही, विमानतळावर काढून घेतात. तर म्हणाल्या, "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?"

काय होतंय? ते पोवळं जिवंत असताना वर्षाला फार तर काही सेंटीमीटर वाढतं, काही जाती तर मिलिमीटरातच. भरतपूरला ओहोटीच्या वेळी त्याच्यावर बूट घालून उभे राहून तुम्हीच फोटो काढता. बोटवाला ओरडतो, तर वर त्यालाच म्हणता, पैसे मोजलेत आम्ही!

अहो, सोमेश्वरचा धबधबा आपण घालवला. दुगारवाडी घालवली. गंगापूर धरणाच्या काठावर आता बसायचं तर आधी बाटल्यांच्या काचा बाजूला कराव्या लागतात. ते पुरलं नाही म्हणून विमानात बसून, हजार किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडून तिकडे गेलात, आणि सोबत नेलं काय, तर तोच स्पीकर. लाज कशी वाटत नाही? गाणी ऐकायचीत ना? ऐका की. मेनरोडला दीडशे-दोनशे रुपयांत इअरफोन मिळतात. दोन घ्या, एक वहिनींना. कचरा ज्या पिशवीतून आणला त्याच पिशवीत भरून परत न्या, तेवढ्याने हात झिजत नाहीत. पोरांना सांगा, खेकडा दिसला तर खाली बसून बघायचं, काठीने उचकायचं नाही.

आणि टोपीवाले दादा, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. निघताना तुम्ही माझा नंबर घेतलात आणि "परत आलो की मिसळ खायला बसू" म्हणालात. बसू. पण तो स्पीकर घरी ठेवून या.