मग आचारी पहिलवान का होत नाहीत? – एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

सिंहगड चढण्याच्या आदल्या दिवशी मांड्या नीट तापवल्या तर उतरणीचा त्रास कमी होऊ शकतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही आजीबाईच्या बटव्यावर विज्ञानाची झूल आहे. वॉर्मअप तर तालमीत सगळेच करतात. उष्णतेनं स्नायू वाचत असते तर भट्टीपुढे उभे राहणारे आचारी एव्हाना पहिलवान झाले असते. आणि हे वाचून उद्या कुणी भर एप्रिलात दुपारी तळजाईच्या टेकडीवर पळत सुटलं तर जबाबदार कोण? आचाऱ्याच्या वाक्याला मी मनापासून हसलो. पण प्रश्न खोचक असले तरी बिनबुडाचे नाहीत, म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

वॉर्मअपची गल्लत आधी सोडवू. वॉर्मअपचा फायदा त्या वेळेपुरता असतो. मी बोलतोय ते आदल्या दिवशीच्या उष्णतेबद्दल. गडावर पाऊल ठेवेपर्यंत मांडी कधीच थंड झालेली असते. तेव्हा स्नायूला वाचवते ती ऊब नव्हेच, रातोरात पेशीनं जे तयार करून ठेवलेलं असतं ते.

हे पहिल्यांदा दिसलं ते इटलीत, फेरुचो रितोसा या शास्त्रज्ञाला, तेही फळमाशीत. कुणीतरी उबवणी-यंत्राचं तापमान वाढवून ठेवलं आणि माशीच्या लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे आले. एका नामांकित नियतकालिकानं, याला जीवशास्त्रात काही महत्त्व नाही म्हणून, तो निबंध परत पाठवला. अखेर १९६२ साली तो दुसरीकडे छापून आला. (टीकाकार तेव्हाही होते, काका!) ते फुगवटे म्हणजे जागी झालेली जनुकं. त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रथिनांना आज हीट शॉक प्रथिनं म्हणतात. उष्णतेनं पेशीतल्या इतर प्रथिनांच्या घड्या विस्कटतात. ही मंडळी त्यांना धरून ठेवतात, पुन्हा घडी घालतात आणि जे दुरुस्तीपलीकडे गेलं ते मोडीत काढायला मदत करतात. गंमत अशी, की एकदा उष्णतेसाठी तयार झाली की ती इतर इजेच्या वेळीही कामाला येतात.

आणि गड उतरणं ही इजाच असते. आतकरवाडीच्या वाटेनं खाली येताना दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो. चढताना दम लागतो, पण तंतूंना सूक्ष्म इजा होते ती जास्त करून उतरताना. रविवारी संध्याकाळी माणूस खुशीत असतो. सोमवारी सकाळी सोसायटीचा जिना कठडा धरून, एकेक पायरी तिरकं उतरतो आणि उकिडवं बसायची वेळ आली की देव आठवतो. ते लॅक्टिक ॲसिड मात्र नव्हे. ते तास-दोन तासांतच ओसरतं. हे दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं.

आता पुरावा. काझुनोरी नोसाका आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तरुण विद्यार्थ्यांचा (सगळे मुलगे) एकच हात मायक्रोवेव्ह डायथर्मीनं, म्हणजे सूक्ष्मलहरींनी स्नायू आतून तापवणाऱ्या यंत्रानं, २० मिनिटं तापवला. स्नायूचं तापमान ४० अंशांच्या वर नेलं. १६ ते २० तासांनी त्या हाताकडून ताणत भार पेलण्याचा व्यायाम करून घेतला. दुसऱ्या हातानंही तोच व्यायाम केला, पण न तापवता. तापवलेल्या हाताची ताकद लवकर पूर्ववत झाली आणि कोपराची हालचाल कमी घटली. परिणाम छोटा, पण खरा.

तुमच्या आचाऱ्याचं उत्तर इथेच आहे. भट्टीसमोर तापते ती कातडी. घाम आणि रक्तप्रवाह ती उष्णता स्नायूत मुरूच देत नाहीत. घरच्या शेकपिशवीचंही बरंचसं तसंच. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूनं सांगतो: दुसऱ्या एका प्रयोगात व्यायामाची सवय असलेल्या पुरुषांनी एक पाय तासभर ४५ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवला, तरी स्नायूत ही प्रथिनं वाढली नाहीत. म्हणजे टबात बसलं की काम झालं, असा दावा मी करणार नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शेकापेक्षा पर्वती बरी. आठवडाभर आधी पायऱ्या चढून सावकाश उतरा, मांड्या किंचित दुखेपर्यंत. तोच व्यायाम आधी थोडा घडला की स्नायू पुढच्या वेळी कमी दुखावतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. त्यातही या प्रथिनांचा वाटा असावा असं मानतात. शेक कामाचा ठरेल तो ज्याला आधी पायऱ्या उतरणंच शक्य नाही त्याला. उदाहरणार्थ, प्लास्टरमधून नुकताच बाहेर आलेला पाय. तोही फिजिओथेरपिस्टच्या हातून. पेसमेकर असेल किंवा हाडात रॉड असेल तर डायथर्मीच्या वाटेला जायचं नाही. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर साध्या शेकपिशवीनंही फोड येतात आणि ते कळतही नाहीत.

राहिली तळजाईची दुपार. उन्हात पळताना फक्त मांडी तापत नाही, अख्खं शरीर तापतं. उष्माघातापर्यंत गोष्ट गेली तर स्नायूच विरघळायला लागतात आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. तेव्हा पळायचं असेल त्यानं सकाळी सातच्या आत पळून घरी यावं. इथे तुमचं-माझं एकमत आहे, आणि ही ओळ मूळ लेखातही ठळक करून टाकतो.