‘खुल्या मानकांचे’ टोकन उबुंटूवर चालत नाही, या अभिप्रायास आमचे उत्तर

माननीय ग्राहक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण एक तारा देऊन दोन तक्रारी नोंदवल्या आहेत. आमच्या दरपत्रकात डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन ‘पीसी/एससी व पीकेसीएस ११ या खुल्या मानकांनुसार’ असल्याचे छापलेले असूनही आपल्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) लॅपटॉपवर ते उत्पादकाचे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय सही करत नाही, ही पहिली. आणि टोकन लॉक झाल्यावर आम्ही पुन्हा पैसे मागितले, ही दुसरी. पहिल्या तक्रारीसाठी आपण ‘फसवणूक’ हा शब्द वापरला आहे, त्यामुळे तिचे उत्तर थोडे तपशिलात देतो.

टोकन म्हणजे स्मार्ट कार्डाची चिप आणि तिचा रीडर एकाच आवरणात. रीडरने यूएसबीवरून संगणकाशी कसे बोलावे हे सीसीआयडी ठरवते, आणि कोणत्याही कंपनीच्या रीडरशी प्रोग्रामला एकाच पद्धतीने बोलता यावे यासाठी पीसी/एससी आहे, ज्याची पहिली आवृत्ती १९९७ साली आली. विंडोजमध्ये ही सोय अंगभूत असते, तर लिनक्सवर ‘पीसीएससीडी’ ही सेवा तेच काम करते. आपण अभिप्रायासोबत जोडलेला स्क्रीनशॉट नीट पाहावा, ही विनंती. त्यात रीडरचे नाव दिसते आणि खाली ‘३बी’ने सुरू होणारी आकड्यांची ओळ दिसते, ती कार्डाने चालू होताच दिलेली स्वतःची ओळख आहे. उत्पादकाचे काहीही न घालता ती ओळ उमटली, याचा अर्थ पीसी/एससीचे काम चोख झाले आहे.

अडते ते त्यापुढे. कार्डाला द्यायच्या आदेशांचा साचा आयएसओ ७८१६ या स्मार्ट कार्डांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेला आहे आणि काम फत्ते झाल्यास उत्तराच्या शेवटी ‘९० ००’ यावे, हेही त्यातच आहे. मात्र सहीसाठी लागणारी गुप्त किल्ली कोणत्या फाइलमध्ये ठेवायची आणि सही करण्यापूर्वी कोणते खास आदेश द्यायचे, हे बहुतेक उत्पादक आपापले ठरवतात. ही मांडणीही सारखी व्हावी म्हणून पीकेसीएस १५ हे मानक आले, पुढे ते आयएसओ ७८१६ चा पंधरावा भाग झाले, पण सगळी कार्डे ते पाळत नाहीत. उत्पादकांनी ही मांडणी जाहीर करावी असे माझेही मत आहे. विक्रेत्याच्या हातात ते नाही.

पीकेसीएस ११ चे म्हणाल तर १९९५ साली आरएसए लॅबोरेटरीजने आणलेले आणि आता ओएसिस या मानक-संस्थेकडे असलेले हे मानक ‘सी_लॉगिन’, ‘सी_साइन’ अशा फंक्शनांची (प्रोग्राम टोकनला घालतो त्या हाकांची) नावे आणि वागणूक ठरवते, जेणेकरून फायरफॉक्सला किंवा अॅक्रोबॅटला टोकन कोणाचे आहे याची फिकीर करावी लागू नये. पण त्या हाकेला ओ देणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, ज्याच्या त्याच्या कार्डाचीच लागते. म्हणून आमच्या पावतीच्या मागे प्रणालींच्या यादीत उबुंटूसमोर ‘उत्पादकाच्या लायब्ररीसह’ असे छापलेले आहे. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ उघडून ‘लोड’ दाबावे आणि आम्ही दिलेली ६४ बिटची ‘.एसओ’ फाइल, म्हणजेच ही लायब्ररी, निवडावी. तेवढे पुरते.

आता लॉकविषयी. चुकलेल्या पिनची मोजणी संगणक नव्हे, चिप करते. ‘६३ सी२’ असे उत्तर आले की दोन संधी उरल्या असे समजावे. संगणक बदलून हा आकडा पूर्ववत होत नाही. मात्र टोकनमधले आपले डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र पिन चुकल्यामुळे गेलेले नाही. आपणच लिहिल्याप्रमाणे लॉक काढण्यासाठी आपण एका व्हिडिओत पाहून ‘इनिशियलाइझ’ केले, म्हणजे टोकन कोरे केले, आणि त्याने आतली खासगी किल्ली पुसली गेली. ती टोकनमध्येच तयार होते आणि बाहेर काढता येत नाही. तिची प्रत आमच्याकडे नाही आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडेही नाही. तशी असती तर आपल्या नावाने निविदेवर दुसऱ्या कोणालाही सही करता आली असती. त्यामुळे पडताळणी पुन्हा होऊन नवे प्रमाणपत्र निघते, आणि मागितलेली रक्कम त्या संस्थेचे शुल्क आहे. आमचा सेवा-आकार त्यात धरलेला नाही. टोकन तेच चालेल.

लिनक्सवर उत्पादकाची लायब्ररी नकोच असेल, तर ओपनएससी या मुक्त सॉफ्टवेअरला ओळखता येणारे एक मॉडेल आमच्याकडे आहे. आपले टोकन परत घेऊन, किमतीतील फरक तेवढा आकारून ते देऊ. मात्र हा निर्णय नव्या प्रमाणपत्राचा अर्ज भरण्यापूर्वी कळवावा, कारण किल्ली एकदा एका टोकनमध्ये तयार झाली की ती दुसऱ्यात हलवता येणार नाही.

आपला,
संचालक