अर्ध्या पौंडाचा न्याय
शनिवारी सकाळी साडेसात वाजता, चहाचा घोटसुद्धा धड पोटात गेलेला नसताना, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला हेल्मेटसकट गाडीत बसवून तपासणीच्या काट्यावर चढवण्यात आले आणि काट्याने २००.५ हा आकडा दाखवला. सोप बॉक्स डर्बी म्हणजे मुलांच्या बिनइंजिनाच्या गाड्यांची उतारावरची शर्यत, आणि तिच्यातल्या स्टॉक नावाच्या गटाची मर्यादा गाडी आणि चालक मिळून २०० पौंडांची आहे. म्हणजे जास्त भरले अर्धा पौंड, पावशेर भेंडीपेक्षाही कमी. तपासनीस गृहस्थांनी चष्मा नाकावर खाली ओढला, आकड्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत मायेने विचारले, "पहिलंच वर्ष का?"

पहिले नाही, तिसरे आहे. तीन वर्षे माझा प्रत्येक उन्हाळा या सोप बॉक्स डर्बीने खाल्ला आहे, आणि तरीही अमेरिकेतल्या ओहायोमधल्या या उतारावर मी कायमचा नवखाच आहे.

पुढची वीस मिनिटे मी ओल्या गवतात पाठीवर पडून, उसन्या पान्याने, गाडी जड होऊन जोरात धावावी म्हणून बसवलेल्या पोलादी पट्टीचे बोल्ट सोडवत होतो. एक नट गवतात गडप झाला. माझ्याकडे सगळ्यात लहान पट्टी दोन पौंडांची होती, त्यामुळे अर्धा पौंड कमी करण्यासाठी दोन पौंड काढावे लागले आणि आमची गाडी मर्यादेपेक्षा दीड पौंड हलकी होऊन उतारावर गेली. शेजारच्या तंबूत तीन पिढ्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. त्यांच्या आजोबांनी मासेमारीच्या सामानाची पेटी उघडली, तर आत मिसळणाच्या डब्यासारखे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात औंसाऔंसाने कापलेल्या पट्ट्या. त्यांचा आकडा बरोबर २००.० आला, आणि पहिल्याच फेरीत आमची गाठ पडली ती त्यांच्याशीच. आम्ही तीन शतांश सेकंदांनी हरलो. "महत्त्वाचं काय, तर मुलांना मजा आली," असे ते आजोबा मला म्हणाले. ज्याची गाडी जिंकते त्यालाच हे वाक्य सुचते, आणि ते ऐकले की माझ्या कानशिलाची शीर उडू लागते.

नियम कडक का आहेत हे मला कोणी समजावू नये. १९७३ साली ओहायोतल्याच अॅक्रन शहरातल्या अंतिम शर्यतीत १४ वर्षांच्या मुलाच्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला होता. सुटताना गाड्या अडवणारी पोलादी पट्टी खाली पडू लागली की हा चुंबक तिला ओढून घेई आणि गाडी आधीच पुढे सरके. अखेर गाडीचा क्ष-किरण काढावा लागला आणि विजेतेपद काढून घेण्यात आले. आता सगळ्यांना एकाच साच्यातला संच घ्यावा लागतो, चाके ठरलेली असतात आणि आमच्याकडे दोन फेऱ्यांमध्ये ती एकमेकांच्या गाड्यांना अदलाबदल करून लावतात. इतकी दक्षता घेतल्यावर तरी न्याय व्हावा की नाही?

होत नाही, कारण वजन सारखे केले तरी ते कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच. माझी मुलगी उंच आणि अंगाने भरलेली, त्यामुळे तिच्या गाडीत पोलादाला जागा राहते ती नावापुरती. काटकुळ्या मुलाच्या बापाला मात्र ढीगभर पोलाद वाटेल तिथे, म्हणजे शक्य तितके मागे, बसवता येते. सुरुवातीचा उतार सर्वांत तीव्र असल्याने मागचे वजन जास्त उंचीवरून खाली येते आणि तेवढा वेग फुकट मिळतो. शिवाय माझ्या मुलीने हनुवटी कितीही खाली घातली तरी तिचे डोके वाऱ्यात वर राहते ते राहतेच. चाकांचे आस, म्हणजे दांडे, सरळ करण्याच्या विद्येबद्दल तर बोलायलाच नको. सासूबाईंच्या गोडा मसाल्यासारखी ती तोंडी दिली जाते आणि एक जिन्नस हमखास सांगायचा राहतो.



रात्री मात्र एक अडचणीची गोष्ट उघडकीस आली. आदल्या दिवशी मी गाडीचे वजन तळघरात, दोन्ही टोकांखाली न्हाणीघरातले दोन काटे ठेवून केले होते, आणि ते काटे जाड गालिच्यावर होते. मी व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मऊ गालिच्यावर काटा खरे बोलत नाही हे मला सांगण्याचा मान बायकोला मिळाला. शिवाय साताऱ्यात लहानपणी गॅरेजमधून मागून आणलेल्या बेअरिंगच्या गाडीवर धाकट्या भावाला हरवण्यासाठी मी मागच्या फळीखाली वीट बांधत असे, आणि तपासनीस नसल्याने ती कधीच सापडली नाही, हेही तिने मुलीसमोर काढले. भावाचा फोन त्यानंतर दहा मिनिटांत आला.

असो. तरीही "पहिलंच वर्ष का" हे विचारण्याची काही गरज नव्हती. पुढची शर्यत तीन आठवड्यांवर आहे. चार-चार औंसांच्या पट्ट्या कापायला दिल्या आहेत आणि काटे उघड्या फरशीवर आणून ठेवले आहेत. काल रात्री अकरा वाजेपर्यंत मी गाडी सहा वेळा तोलली, आणि बेरीज अजूनही १९९.४ आणि २००.२ यांच्या मध्ये आपले मन बदलते आहे.