तुलना केवळ तासांची नको
लिंगाच्या ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल या गोळ्यांची तुलना करणाऱ्या एका लेखात टाडालाफिलच्या दीर्घ परिणामाचे कौतुक आहे. त्यात लेखकाने परिणाम किती तास टिकतो एवढाच निकष धरला आहे, तो मला अपुरा वाटतो. इंग्लंडमधील सँडविच येथील फायझरच्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिलची चाचणी मुळात हृदयशूळासाठी झाली होती. लिंगाच्या ताठरतेवरील परिणाम नंतर लक्षात आला आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टाडालाफिल तेथे 2003 मध्ये आले. तेलकट, जड जेवणानंतर सिल्डेनाफिल उशिरा लागू पडते, टाडालाफिलला तशी अडचण येत नाही, हेही लेखात यायला हवे होते.

मी औषधविक्रेता आहे. दुकानात गर्दी ओसरल्यावर हलक्या आवाजात अशी गोळी मागणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांच्या पिशवीत, जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयविकाराच्या छातीदुखीवरील नायट्रेट गटातल्या औषधाची, पट्टी मला दिसली, आणि मी त्यांना गोळी न देता डॉक्टरांकडे पाठवले. नायट्रेट आणि ही औषधे एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो. छातीत दुखल्यास नायट्रेट देण्यापूर्वी सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास, तर टाडालाफिलनंतर किमान 48 तास जावे लागतात. म्हणजे लेखात ज्या दीर्घ परिणामाचे कौतुक आहे, तोच हृदयरुग्णाच्या बाबतीत अडचणीचा ठरतो.