‘गोळीवर सिगारेट’ची गोष्ट

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला: ‘टेन्शनच्या गोळीवर एक सिगारेट ओढा, गोळी दुप्पट लागते. तंबाखूचा बार भरला तरी तेच. मात्र गोळ्या चालू असताना सिगारेट सोडू नका, डोकं फिरतं.’

‘दुप्पट लागते’ हे साफ उलटं आहे. धुरातली काही रसायनं यकृतातल्या सीवायपी१ए२ या एन्झाइमला, म्हणजे औषधं मोडणाऱ्या प्रथिनाला, जोर चढवतात. ज्या औषधांचा निचरा या वाटेनं होतो, ती मग रक्तातून लवकर जातात. ओसीडी (तेच ते विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार) आणि चिंतेसाठी दिली जाणारी फ्लुवोक्झामाइन त्यातलीच, ड्युलोक्सेटिनही. अल्प्राझोलामच्या अमेरिकी माहितीपत्रकात तर लिहिलंय की ओढणाऱ्यांच्या रक्तात ती ५० टक्क्यांपर्यंत कमी भरू शकते. सगळ्या गोळ्यांचं असं नाही. एस्सिटालोप्रामचा निचरा मुख्यतः दुसऱ्या वाटांनी होतो. मग झुरका मारल्यावर बरं का वाटतं? मागची सिगारेट उतरल्याची तगमग पुढची शमवते म्हणून. आग लावणाराच पाण्याचा बंब घेऊन येतो.

‘बार भरला तरी तेच’ म्हणणाऱ्यानं धूर आणि निकोटीन यांची गल्लत केलीय. एन्झाइमला जागं करतो तो धूर. तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा यांत धूरच नाही. निकोटीनच्या च्युइंगगममध्येही नाही. तोंडाच्या कॅन्सरचं काय ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

‘सोडू नका’ यात कणभर खरं आहे, म्हणून ते जास्त घातक. सिगारेट सुटली की काही दिवसांतच एन्झाइम थंडावतं, आणि तोच डोस जड वाटू शकतो. गुंगी येते, अशा वेळी बाइक चालवणं धोक्याचं. निकोटीन तुटल्याची चिडचिडही पहिल्या आठवड्यात जोरात असते, मग तीन-चार आठवड्यांत ओसरत जाते. पुढचं चित्र वेगळं आहे: २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सोडणाऱ्यांची चिंता ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेली दिसली. तेव्हा सोडायची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, डोस त्यांनाच ठरवू द्या. गोळी मनानं कमी करू नका, एकदम बंद तर मुळीच नको.

आणि सिगारेट सोडल्याच्या त्या दिवसांत छातीत धडधडलं तर लगेच गोळीला दोष देऊ नका. कॅफिनचा निचराही याच एन्झाइमकडे असतो. सिगारेटच्या काळातले कॉफीचे चार कप आता अंगात जास्त वेळ रेंगाळतात.