डेटा कापलात, मग हेडर कोण बदलणार?

दोन रात्री वाया गेल्यात, आता बोलणारच.

मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी सप्टेंबरच्या पावसाचा नकाशा करायचा होता. रब्बीची पेरणी त्याच पावसावर असते, काम घाईचं. एकांकडून सोलापूर जिल्ह्यापुरती कापलेली नेटसीडीएफ (हवामानाचे आकडे अक्षांश-रेखांशांसह साठवायचा प्रकार) फाइल आली. मूळ डेटा हवामान खात्याचा, ०.२५ अंशाच्या चौकटींचा, अख्ख्या देशाचा. अक्षांश ६.५ ते ३८.५, रेखांश ६६.५ ते १००. त्यातून १७ ते १८.७५ आणि ७४.५ ते ७६.५ एवढा तुकडा काढलेला. आठ गुणिले नऊ, ७२ चौकटी. तुकडा बरोबर. पण हेडरमध्ये, म्हणजे आत काय आहे ते सांगणाऱ्या फाइलच्या वर्णनात, किमान अक्षांश ६.५, कमाल ३८.५, जसंच्या तसं!

माझी स्क्रिप्ट नकाशाच्या कडा हेडरवरून घेते. मग काय, ७२ चौकटी देशभर ताणल्या गेल्या आणि मंगळवेढ्याचा पाऊस विशाखापट्टणमच्या दक्षिणेला, बंगालच्या उपसागरात! आधी वाटलं अक्षांश उलटे वाचले जातायत. ते तपासलं. मग लायब्ररी बदलून पाहिली. पहाटे तीनला एनसीडंप (फाइलमधलं सगळं मजकुरात दाखवणारी कमांड) मारून एकेक अक्षांश हेडरशी ताडला, तेव्हा कळलं.

आणि नकाशा बिघडला तर निदान दिसतं तरी. त्याच हेडरमध्ये काळाची सुरुवात १९०१ लिहिलीय, आत वर्षं फक्त २००१ ते २०२०. कुणी हेडर बघून एकूण पावसाला १२० वर्षांनी भागलं तर? सरासरी सहावा हिस्सा येईल. श्रीनगरचा डेटा शोधणाऱ्यालाही डेटासाठ्याच्या यादीत हीच फाइल दिसणार, कारण शोध हेडरवरच चालतो.

एक्सअरेनं (अशा फाइली हाताळायची पायथनची लायब्ररी) तुकडा काढला की आकडे कापले जातात, हेडरमधला मजकूर आपोआप बदलत नाही. तो कापणाऱ्यानंच बदलायचा असतो! उरलेल्या अक्षांश-रेखांशांचे किमान-कमाल काढा आणि लिहा, चार ओळींचं काम. फाइल आधीच झाली असेल तर हेडर बदलणारी एनसीअ‍ॅटेड कमांड आहेच. एवढंही होत नाही?

फोन केला तर म्हणे, "अहो, आतले अक्षांश बरोबर आहेत ना, मग हेडर कशाला बघता?" अरे, बघायचं नसेल तर लिहिता कशाला? डब्यावर साखर लिहून आत मीठ भरायचं, आणि वर चाखून बघायला काय झालं होतं म्हणून विचारायचं!

माझी फाइल मी दुरुस्त केली, त्यांनाही पाठवली. काल बार्शीच्या एका मुलीला त्यांनी पुन्हा तीच जुनी दिली.