दवाखान्याची पायरी

आज एका समारंभात सत्कारमूर्तींचे गुणगान करताना वक्ते म्हणाले, "साठ वर्षांत हा माणूस एकदाही दवाखान्याची पायरी चढला नाही," आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मी वाजवली नाही. हेच वाक्य माझा मावसभाऊ, आमचा दादा, छाती काढून म्हणत असे आणि तेव्हा पहिली टाळी माझीच असे.

वहिनींच्या गरोदरपणात त्यांची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह आली. दादालाही तपासून घ्यायला सांगितले, तर तो हसून म्हणाला, "तिला काही नाही, म्हणजे मलाही काही नाही." एकाला लागण असूनही जोडीदाराला ती नसते, असे कितीतरी जोडप्यांत आढळते, पण पुरुषाने शंका घेणे म्हणजे कबुली देणे, अशी आपली समजूत. चार वर्षांनी क्षयरोगाने तो अंथरुणाला खिळला, तेव्हा कुठे त्याची तपासणी झाली.

जगात एचआयव्हीसह जगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली आहेत, तरी एड्सने मरणाऱ्यांत पुरुष जास्त. परिणामकारक औषधे १९९६पासून आहेत. निदान होताच, रक्तातल्या प्रतिकारक पेशींची संख्या (सीडी४) कितीही असली तरी, गोळ्या सुरू कराव्यात असे जागतिक आरोग्य संघटना २०१५पासून सांगते. आणि नियमित गोळ्यांनी विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. एवढे सगळे हाताशी असताना ही माणसे कसला मर्दपणा जपत मरतात?

स्त्रियांची तपासणी गरोदरपणात आपसूक होते, पुरुषांना तशी वाट नाही, आणि रांगेत दिवस घालवला तर अनेकांची मजुरी बुडते, हे मान्य. दादाची मात्र रजा शिल्लक होती. आणि स्त्रिया सुटतात असेही नाही; तपासणी आधी त्यांची होते, म्हणून बोलही आधी त्यांनाच लागतो.

हे लिहिताना त्याच्यावरचा राग ओसरू लागला आहे. गोळ्यांची बाटली खुळखुळू नये म्हणून तो तिच्यात कापूस कोंबत असे. बरे वाटू लागल्यावर त्याने दोनदा गोळ्या सोडल्या, आणि "चुकल्या का?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ताठ बसून "नाही" म्हणाला. लहानपणी ताप अंगावर काढून तो मैदानात उतरला होता, तेव्हा त्याला वाघ म्हणणारे आम्हीच होतो.

आता तो गोळ्या चुकवत नाही. ही पोस्ट टाकण्याआधी मी त्याला वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून तो म्हणाला, "टाक. फक्त माझे नाव घालू नकोस."